‘नासिक’ या नांवाची व्युत्पत्ति

नासिक क्षेत्राच्या नांवाची उपपत्ति मुख्यतः दोन प्रकारें सांगतात. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका छेदिली म्हणून नासिक, हा पहिला पक्ष. गांव नऊ टेकड्यांवर वसलें म्हणून मूळ नांव ‘नवशिख’ व त्याचा अपभ्रंश नासिक, हा दुसरा. प्राचीन लेखांच्या कसोटीस हे पक्ष कितपत उतरतात, तें पाहूं.

पांडवलेण्यांपैकीं १९ वें लेणें सातवाहन कुलांतील कृष्ण राजाच्या काळीं नासिकच्या महामात्रानें कोरविलें, असें त्यांतील प्राकृत लेख सांगतो. शेजारच्या १८ व्या लेण्याच्या लेखांत ‘नासिकक’ म्हणजे नासिककर यांचा निर्देश आहे. दूर भारहुतच्या स्तूपाच्या एका स्तंभावर नासिकच्या एका स्त्रीचें दान नोंदलें आहे. सुमारें इ. स. पू. १५० मध्यें पतंजलीनें महाभाष्यांत ‘नासिक्य’ नगराचा उल्लेख केला असून, इ. स. च्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनेंहि हेंच नांव दिलें आहे.

या सर्व लेखांत ‘नासिक’ हें अंग कायम आहे. ‘नव’ अथवा ‘शिख’ यांचा मागमूस नाहीं. शिवाय ‘नवशिख’ शब्द प्राकृतांत याच वाटेनें जाता ना. प्राकृत वैयाकरण ‘नवमालिका’ याचें ‘णोमालिआ’ असें रूप देतात. ‘नवनीत’ याचें आपण ‘लोणी’ केलें. म्हणजे ‘नव’ याचा ‘नो’ व्हावा, ‘ना’ नव्हे. आणि ‘ख’ याचा ‘ह’ व्हावा, ‘क’ नव्हे. ‘नाशिक’ या आजच्या रूपांतील शकारहि ‘शिखे’चा अवशेष नव्हे. इ-ए या स्वरांपूर्वीं सकाराचा शकार होणें हा मराठीचा स्वभाव आहे; ‘सिंदूर’ याचा शेंदूर व ‘सीमा’ हिची शीव तशीच झाली. तेव्हां दुसरा पक्ष सोडणें भाग आहे.

पहिला पक्ष निराळा तपासावा लागतो. पतंजलि ‘नासिक्य’ शब्दाचा विचार ‘नासिका’ शब्दाच्या प्रकरणींच करतो; म्हणून त्या शब्दाशीं संबंध जुना, यांत संशय नाहीं. परंतु नासिकेशीं संबंध सिद्ध झाल्यानें शूर्पणखेशीं संबंध सिद्ध होत नाहीं. वाल्मीकिरामायणांत तिचे कान व नाक दोन्ही छेदिले जातात, आणि त्या प्रसंगीं स्थलनाम पंचवटी असेंच येतें. शिल्पशास्त्रांत पुढें आलेल्या भागास नासिका म्हणतात, आणि अमरकोशांत द्वाराच्या वरील लांकडास ‘नासा’ म्हटलें आहे. गोदावरीच्या कांठीं पुढें आलेल्या उंचवट्यावरून नांव पडलें असावें, हा तर्क म्हणून अधिक सरळ दिसतो. तेथील मातीच्या गढींत १९५०-५१ सालीं सांकलिया व देव यांनीं केलेल्या उत्खननांत प्राचीन वस्तीचे थर निघाले, हेंहि लक्षांत ठेवावें.

कृतयुगीं पद्मनगर, त्रेतायुगीं त्रिकंटक, द्वापारीं जनस्थान व कलियुगीं नासिक, ही परंपरा श्रद्धेचा इतिहास सांगते, नांवाचा नव्हे. मोगलांनीं दिलेलें ‘गुलशनाबाद’ हें नांव दफ्तरांत राहिलें, लोकांच्या तोंडीं जुनेंच टिकलें. पोथीसंग्राहकांस विनंति इतकीच कीं, माहात्म्याच्या प्रती व तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतांना नांवाचें रूप जसेंच्या तसें, पुष्पिकेंतील शकासह उतरून घ्यावें. ‘नासिक’ शुद्ध कीं ‘नाशिक’, असें ठरवून प्रत दुरुस्त करूं नये. सकाराचा शकार केव्हां व कोणाच्या लेखणींत झाला, याचा निवाडा याच पानांवर व्हावयाचा आहे.