स्वतःला छेदणारे आरएनए आणि त्यांच्या शोधाविषयीचे गैरसमज

पेशीतील रासायनिक क्रिया केवळ प्रथिने घडवतात आणि आरएनए हा निव्वळ निरोप्या असतो, हा समज १९८२ मध्ये थॉमस चेक यांनी मोडून काढला. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातील एक आरएनए स्वतःचा मधला तुकडा स्वतःच कापून काढतो, हे त्यांनी दाखवले. अशा उत्प्रेरक आरएनएला रायबोझाइम म्हणतात. या शोधाबद्दल चेक यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यानंतरही स्वतःला छेदणारे छोटे रायबोझाइम ही विषाणूसदृश परोपजीवींपुरती मर्यादित चीज आहे, असे बराच काळ मानले गेले. त्याला कारणही होते. हॅमरहेड हा त्यांतील प्रसिद्ध प्रकार १९८६ मध्ये प्रथम सापडला तो ॲव्होकाडोच्या झाडाला रोग जडवणाऱ्या व्हायरॉइडमध्ये, म्हणजे प्रथिनाचे कवच नसलेल्या इवल्याशा वर्तुळाकार आरएनएमध्ये. परंतु २००६ मध्ये मानवाच्या सीपीईबी-३ या जनुकातच हेपॅटायटिस डेल्टा विषाणूतील रायबोझाइमशी रचनेने जुळणारा रायबोझाइम आढळला, आणि पुढील काही वर्षांत असे छेदक सजीवांच्या जवळजवळ सर्व मोठ्या गटांत मिळाले.

ते इतका काळ निसटले, याचे मूळ आणखी एका गैरसमजात आहे. ज्ञात रायबोझाइमची अक्षरमाला, म्हणजे ए, यू, जी, सी या चार घटकांचा क्रम, घेऊन जनुकसंचात तिच्यासारखी दुसरी शोधली की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात निसर्ग येथे अक्षरांपेक्षा घडी जपतो. आरएनएच्या दोन भागांची जोडी जुळून जो दांडा तयार होतो, त्यात जी-सी जोडीच्या जागी ए-यू आली तरी दांडा टिकतो, त्यामुळे डेल्टासदृश रायबोझाइममध्ये मोजकीच अक्षरे सर्वत्र सारखी राहतात. म्हणूनच २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील आंद्रेय लुप्ताक यांच्या गटाने संगणकाला दांड्यांची लांबी, त्यांना जोडणारे दुवे आणि ती मोजकी अक्षरे एवढेच वर्णन देऊन शोध घेतला, तेव्हा ॲनोफिलिस डासासह परस्परांशी दूरचे नाते असलेल्या अनेक जीवांत हे छेदक हाती लागले.

मात्र संगणकाने दाखवलेले साम्य म्हणजे पुरावा नव्हे, कारण कोट्यवधी अक्षरांच्या जनुकसंचात अशी जुळणी योगायोगानेही होते. त्या तुकड्याचा आरएनए प्रयोगशाळेत तयार करावा लागतो, तो मॅग्नेशियमयुक्त द्रावणात तुटतो का आणि रेणूंना लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अपेक्षित लांबीचे दोन पट्टे उमटतात का, हे पाहावे लागते. शिवाय छेदनाला आवश्यक असलेले एक सायटोसिन (सी) बदलताच ते तुटणे थांबते, हेही दाखवावे लागते. ही शेवटची पायरी गाळलेला दावा अपुराच मानला पाहिजे.

हे सारे रायबोझाइम आदिम ‘आरएनए जगा’चे, म्हणजे प्रथिनांआधी आरएनएच सारी कामे करत असल्याच्या कल्पित काळाचे, अवशेष आहेत, ही कल्पना मोहक असली तरी सरसकट लागू पडत नाही. सीपीईबी-३ मधील रायबोझाइम सस्तन प्राण्यांत मिळतो, परंतु इतर पृष्ठवंशीयांत मिळालेला नाही. म्हणजे तो पृथ्वीवरील पहिल्या जीवांकडून आलेला नसून सस्तन प्राण्यांच्या वंशातच उदयास आला असावा.