धामकाठची माती आणि हस्तनिर्मित मृद्भांडी : पवनार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

परिसराच्या निरीक्षणातून मृद्भांडी घडविणे हा कलाशिक्षणातील एक उपयुक्त उपक्रम होय. मात्र बाजारातून आणलेल्या तयार मातीवर परिसरातील पाने, फुले वा डोंगर चितारणे एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. वस्तुतः भांड्यात परिसर उतरतो तो प्रथम द्रव्यरूपाने, आकृती त्यानंतर येते. प्रस्तुत लेखात पवनारच्या संदर्भात या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

पवनारची भूमी

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर धाम नदीच्या काठी पवनार वसले आहे. विनोबा भावे यांचे वास्तव्य आणि १९५९ साली स्थापन झालेले ब्रह्मविद्या मंदिर यांमुळे हे गाव सर्वपरिचित आहे. तथापि येथील वस्ती फार प्राचीन आहे. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार असे प्रतिपादन केले होते. पुढे मनसर येथील उत्खननानंतर या मताविषयी विद्वानांत मतभेद झाले. १९६७ साली शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने पवनार येथे उत्खनन केले. अशा स्थळी कालक्रम ठरविण्याचे प्रमुख साधन खापरच असते. राजवटींची नावे वादग्रस्त ठरू शकतात. कुंभाराने भाजलेली माती मात्र थरात टिकून राहते.

काळ्या मातीचा स्वभाव

या प्रदेशातील काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या विदारणातून निर्माण झाली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगांचे कारण हेच. कपाशीला ओलावा पुरविणारा हा गुण कुंभाराला अडचणीचा ठरतो, कारण निव्वळ काळ्या मातीचे भांडे वाळतानाच तडकते. म्हणून नदीकाठचा गाळ, बारीक रेती, राख व लीद यांचे मिश्रण करावे लागते. रेती आकुंचन कमी करते. लीद भट्टीत जळून गेल्यावर सूक्ष्म छिद्रे मागे राहतात. त्यांतून पाणी पाझरून बाष्पीभवन होते आणि वैशाखातील ४५ अंशांच्या उन्हातही माठातले पाणी गार राहते.

दुसरा धोका चुनखडीच्या खड्यांचा. ते मातीत राहिल्यास भाजताना त्यांची चुनकळी होते; पुढे हवेतील ओलावा शोषून ती फुगते आणि धडधाकट दिसणाऱ्या भांड्याचा पापुद्रा उडतो. माती कुटणे, चाळणे व निवळणे ही कामे यासाठीच अगत्याची ठरतात.

अग्नीचे कार्य

गावच्या आव्यात तापमान साधारणतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. हवा मुबलक मिळाल्यास मातीतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन काळसर मातीचे भांडेही तांबडे निघते. हवा कोंडल्यास ते काळे होते. विदर्भातील माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या महापाषाणीय स्थळांवरील काळी-तांबडी भांडी याच तत्त्वाची साक्ष देतात. भांडी पालथी रचून भाजल्याने आतील भाग व काठ काळे आणि बाहेरील अंग तांबडे होते, असे त्यांचे एक मान्य स्पष्टीकरण आहे. येथे रंग वरून दिलेला नसतो. भूमी आणि अग्नी यांच्या संयोगातूनच तो प्रकट होतो.

सेवाग्रामचा वारसा

हस्तव्यवसायाला ज्ञानाचे माध्यम मानण्याचा विचार वर्धा परिसराला नवा नाही. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले कलावंत देवीप्रसाद (१९२१–२०११) १९४४ साली सेवाग्रामला आले. १९६२ पर्यंतच्या तेथील वास्तव्यात त्यांनी मुलांना कला शिकविली आणि कुंभारकामही केले. आधुनिक भारतीय मृत्कलेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. हात, बुद्धी व परिसर यांचे शिक्षण वेगवेगळे असू शकत नाही, ही त्यांच्या कार्यामागील भूमिका आजही मार्गदर्शक आहे.

महाविद्यालयीन उपक्रमाची दिशा

विद्यार्थ्यांनी शेत, नाला व नदीकाठ येथील मातीचे नमुने परवानगीने व अल्प प्रमाणात घ्यावेत. ओल्या मातीची वळी बोटाभोवती गुंडाळून तिची लवचीकता पाहावी. मातीच्या ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढून ती वाळल्यावर मोजावी. रेघ ९ सेंमी भरल्यास आकुंचन १० टक्के झाले असे समजावे. नंतर पात्र घडवून त्याला कावेचा लेप द्यावा व नदीतील गुळगुळीत गारगोटीने घोटावे. भूगोल, रसायनशास्त्र, इतिहास व कला हे विषय या एका उपक्रमात सहज एकत्र येतात.

समारोप

ही चाचणी पुस्तकातून शिकता येते. परंतु कोणत्या काठची माती कोणत्या भांड्याला चालते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कुंभाराच्या हातात साठलेले आहे. प्लास्टिक व धातूच्या भांड्यांमुळे मागणी घटली, मातीच्या जागा बांधकामाखाली गेल्या आणि पुढची पिढी चाकापासून दूर गेली, तर ते ज्ञान कोणत्याही संग्रहालयात जतन करता येणार नाही. संक्रांतीची सुगडी, भुलाबाईची मूर्ती आणि अक्षय्य तृतीयेचा घट यांपुरतीच त्याची आठवण उरेल. म्हणून महाविद्यालयांनी कुंभाराला प्रात्यक्षिकापुरता कारागीर न मानता विषयतज्ज्ञ म्हणून निमंत्रित करावे, त्याला यथोचित मानधन द्यावे आणि त्याच्या ज्ञानाची नोंद त्याच्या नावानिशी ठेवावी. परिसराचा शोध घेणारी मृत्कला परिसर जाणणाऱ्या माणसाला वगळून उभी राहू शकत नाही.