श्वानासाठी दारातील वाट

दारात झडप बसवायची, तर माप प्रत्यक्ष श्वानाचेच घ्यावे; वेष्टनावरील वजनाच्या आकड्यावर विसंबू नये. तो उभा असता अंगाची सर्वाधिक रुंदी मोजून त्यात सुमारे ५ सेंटिमीटर मिळवावेत. वरची कड खांद्याहून किंचित उंच असावी. खालच्या काठाचे गणित मात्र निराळे आहे. आज सहज ओलांडला जाणारा काठ सांधे आखडल्यावर डोंगर होतो. आमच्या बारा वर्षांच्या मोत्यासाठी आम्ही तो जमिनीलगतच ठेवविला. सुताराला ते विशोभित वाटले, वाटो. लाकूड कापल्यावर उघड्या कडांना रंग हवाच, अन्यथा पावसाळ्यात दार फुगते. रात्री सरकपट्टी लावावी, कारण घुशीलाही वाट कळते. प्रारंभी झडप वर बांधून पलीकडून हाक मारावी. भ्यालेल्या जिवाला मागून ढकलू नये.