परतीचा पत्ता

९ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्व टोकावरून, केप स्पिअरहून, बाल्सा लाकडाचं एक छोटं विमान आयर्लंडच्या दिशेनं निघालं. पंखांचा विस्तार सुमारे १.८ मीटर, इंधनासकट वजन पाच किलोच्या आत, इंजिन १० सीसीचं. जमिनीवरच्या चालकानं रेडिओवरून ते उंचीवर नेलं, दिशेला लावलं आणि ऑटोपायलटच्या हवाली केलं. पुढचा सगळा अटलांटिक त्यानं जीपीएसच्या आधारानं एकट्यानं ओलांडला. ३८ तास ५२ मिनिटांच्या उड्डाणानंतर, ११ ऑगस्टला, ते क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर उतरलं. नजरेच्या टप्प्यात येताच तिथं वाट पाहणाऱ्या चालकानं ट्रान्समीटर हाती घेऊन ते उतरवलं होतं. एकूण अंतर ३,००० किलोमीटरहून जास्त. १९१९ मध्ये अलकॉक आणि ब्राउन यांनी पहिल्यांदा न थांबता अटलांटिक पार केला, तेव्हा तेही न्यूफाउंडलंडहून निघून क्लिफडेनजवळच उतरले होते.

हे विमान बनवणारे अमेरिकी हौशी एरोमॉडेलर मेनार्ड हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. दृष्टी जवळपास गेलेली, ऐकू कमी येत असलेलं. विमानाचं अधिकृत नाव ‘टॅम-५’. त्याच्या आधीची याच मालिकेतली विमानं आयर्लंडपर्यंत पोचली नव्हती. पाचव्या विमानाच्या यशात ऑटोपायलटचा वाटा मोठा होता, पण त्या ऑटोपायलटनं वाटेत स्वतःच्या मनानं काहीही ठरवलं नव्हतं. कुठल्या बिंदूंवरून जायचं, किती उंचीवर राहायचं, हे सगळं जमिनीवर आधीच ठरलेलं होतं.

तेव्हा मोठ्या चमूला कष्टानं जमवावं लागलेलं तंत्र आता काड्यापेटीएवढ्या पट्टीवर मावतं आणि काही हजार रुपयांत मिळतं. नवशिक्याच्या हातातल्या ट्रान्समीटरवरही ‘परत ये’ असं सांगणारं एक बटण असतं. ते दाबलं की विमान घरी येतं, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात विमान सरळ ठेवणं, संपर्क तुटल्यावर काय करायचं ते ठरवणं आणि विमान परत आणणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्हींच्या मर्यादाही वेगळ्या आहेत.

विमानाला क्षितिज कसं कळतं?

पहिलं काम विमान सरळ ठेवण्याचं. त्याची सुरुवात खऱ्या विमानांत झाली. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सीन नदीवर, लॉरेन्स स्पेरी या तरुणानं आपल्या विमानावर जायरो, म्हणजे कल ओळखणारं फिरतं चाक, बसवून परीक्षकांसमोरून उड्डाण केलं. त्यानं दोन्ही हात वर केले, त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला, तरी विमान आपोआप समतल राहिलं. पण ती यंत्रणा जड होती. दोन-तीन किलोच्या विमानात ती बसणं शक्यच नव्हतं.

छोट्या विमानांसाठी वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या आणि त्यातली एक विलक्षण वाट याच हिल यांनी शोधली. स्वच्छ हवेत जमिनीपासून वर जाताना दर मीटरला सुमारे १०० व्होल्टनं विद्युतदाब वाढत जातो. विमान एका बाजूला कललं की दोन पंखांच्या टोकांवरचा दाब वेगळा होतो. हा फरक मोजून पंख पुन्हा सरळ करणारी यंत्रणा हिल यांनी १९७० च्या दशकात उडवून दाखवली. पुढे अवरक्त किरण टिपणारे संवेदक आले. जमीन उबदार, आकाश थंड, म्हणजे दोहोंच्या मधली रेघ हे क्षितिज. मोकळ्या मैदानावर ही युक्ती छान चालते. डोंगराच्या कुशीत किंवा दाट धुक्यात मात्र ती गोंधळते.

खरी क्रांती केली ती सिलिकॉनच्या चिपवर कोरलेल्या जायरोनं. मोबाइल आणि व्हिडिओ गेम यांच्यामुळे या चिप स्वस्त झाल्या. २०१० च्या सुमाराला हौशी मंडळींनी निंटेंडो कंपनीच्या ‘वी’ या खेळाच्या रिमोटला जोडायच्या उपकरणांमधले संवेदक काढून उड्डाण-नियंत्रक बनवले. त्यातूनच ‘मल्टीवी’ हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. आज लोकप्रिय असलेल्या ‘आयनॅव्ह’सारख्या प्रणालींची वंशावळ तिथपर्यंत जाते. बाजारातल्या तयार विमानांतही असे नियंत्रक आले. ‘सेफ’ या नावानं मिळणाऱ्या प्रणालीत नवशिक्यानं ट्रान्समीटरची काठी सोडली की पंख सरळ होतात, आणि विमान ठरावीक कोनापलीकडे कलतच नाही.

याचा फायदा मोठा आहे. पूर्वी पहिल्याच दिवशी लाकडाचा चुरा घेऊन घरी जाणारी मुलं आता दहा मिनिटं हवेत राहू शकतात. पण सरळ ठेवणारी यंत्रणा म्हणजे उडवणारी यंत्रणा नव्हे. वेग संपलेलं विमान पंख सरळ असूनही खाली येतंच. शिवाय नियंत्रक उलटा बसवला किंवा त्याची दिशा चुकीची निवडली, तर तो चूक सुधारण्याऐवजी वाढवतो. म्हणून जाणकार उड्डाणापूर्वी विमान हातात धरून उजवीकडे कलवतात आणि उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातं का ते पाहतात. खाली गेलं तरच नियंत्रक तो पंख उचलू पाहतो आहे. वर गेलं तर विमान त्या दिवशी उडवायचं नाही.

संपर्क तुटला तर

दुसरं काम फेलसेफचं, म्हणजे संपर्क तुटल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवण्याचं. पण विमान हाताबाहेर जाण्याचा प्रश्न त्याहून जुना आहे. रेडिओ येण्याच्या आधीपासून हौशी लोक मुक्त उड्डाणाची, म्हणजे सोडल्यावर कुणाच्याच ताब्यात नसणारी, विमानं सोडत आले आहेत आणि त्यांची मोठी अडचण अशी की चांगलं बनलेलं विमान खाली येत नाही. वर जाणाऱ्या गरम हवेच्या झोतात सापडलं की ते दिसेनासं होईपर्यंत चढत राहतं. त्यावर एक साधा उपाय निघाला. शेपटीचा आडवा पंख रबरानं बांधायचा आणि त्या रबरापाशी हळूहळू जळणारी वात लावायची. ठरलेली मिनिटं संपली की वात रबर जाळते, शेपूट झटकन वर उचकटते आणि विमान तरंगणं सोडून जवळजवळ आडवंच खाली उतरतं. स्पर्धांमध्ये आजही हीच कल्पना वापरात आहे, फक्त वातीच्या जागी टायमर आले.

रेडिओ आला तेव्हा प्रश्न बदलला. विमान माणसाच्या हुकमात होतं, पण हुकूम पोचलाच नाही तर? जुन्या काळात एकाच वारंवारितेवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की एक विमान हमखास पडायचं. म्हणून क्लबांच्या मैदानावर वारंवारितांचे बिल्ले लावलेला फलक असे आणि ज्याच्याकडे बिल्ला त्यानंच उडवायचं असा शिरस्ता होता. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले आणि ही टक्कर जवळपास संपली. संपर्क तुटण्याची कारणं मात्र उरली : टप्प्याबाहेर जाणं, कार्बन फायबरच्या सांगाड्याआड गेलेली अँटेना, सर्व्होंनी, म्हणजे नियंत्रक-पंख हलवणाऱ्या छोट्या मोटरींनी, एकदम वीज ओढल्यानं बंद पडून पुन्हा सुरू होणारा रिसीव्हर.

संपर्क तुटल्यावर रिसीव्हर बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर शेवटचा हुकूम धरून ठेवतो, नाहीतर आधी साठवलेल्या स्थितीत सगळं नेऊन ठेवतो. शेवटचा हुकूम पूर्ण वेगाचा असेल तर पहिला प्रकार भयंकर ठरतो. म्हणून ब्रिटनमधल्या हौशी एरोमॉडेलरांच्या संघटनेच्या सुरक्षा नियमांत किमान अट अशी की फेलसेफमध्ये इंजिन मंद झालंच पाहिजे आणि विजेची मोटर बंद पडलीच पाहिजे. या अटीत विमान वाचवण्याचा उल्लेखही नाही. मोटर बंद झालेलं विमान बहुधा पडणारच, पण ते जवळ पडेल आणि कमी जोरानं पडेल. अट आहे ती खाली असलेल्या माणसांसाठी.

अनेक रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडणी करताना काठी जिथं असेल ती स्थिती फेलसेफ म्हणून साठवून टाकतात. जोडणीच्या वेळी थ्रॉटल वर राहिला तर पुढे एखाद्या दिवशी, ट्रान्समीटर आधी बंद केला की, टेबलावरच्या विमानाचा पंखा पूर्ण वेगानं फिरू लागतो. बोटांना होणाऱ्या जखमांमागे हे कारण असू शकतं. ते टाळण्यासाठी पंखा काढून, विमान जमिनीवर ठेवून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून पाहायचा. मोटर थांबली पाहिजे. याला अर्धं मिनिट लागतं.

घर म्हणजे नकाशावरचा एक बिंदू

आता परत येण्याचं काम. विमानातल्या नियंत्रकाला घर, मैदान, मालक काहीच कळत नाही. त्याला कळतो एक बिंदू : यंत्रणा सज्ज केली त्या क्षणी जीपीएसनं टिपलेलं अक्षांश-रेखांश. उपग्रहांशी पक्की जुळवाजुळव होण्याआधीच घाईनं विमान सोडलं तर हा बिंदू चुकीचा नोंदला जातो किंवा नोंदलाच जात नाही. मग परतीचं बटण दाबून काहीच साधत नाही.

रिसीव्हर आणि नियंत्रक यांच्यातही समजूत हवी. संपर्क तुटल्यावर रिसीव्हरनं शेवटचे हुकूम तसेच पाठवत राहायचं ठरवलं असेल, तर नियंत्रकाला वाटतं की चालक अजून हुकूम देतोच आहे. तो परतीला वळतच नाही. परतीची सोय असलेलं विमान सरळ रेषेत निघून जातं ते बऱ्याचदा या एका सेटिंगमुळे.

‘अर्डुपायलट’ ही जगभर वापरली जाणारी मुक्त प्रणाली घ्या. संपर्क थोडा वेळ तुटला तर ती आधी जागीच घिरट्या घालून वाट पाहते. तो जास्त वेळ तुटलेला राहिला की घराकडे वळते. तिथं पोचल्यावर काय? मूळ सेटिंगमध्ये ती सुमारे १०० मीटर उंचीवर गोल फिरत राहते. उतरत नाही. उतरण्याचा मार्ग आधी आखून दिला असेल तरच ती उतरते. हे ठाऊक नसलेला माणूस खाली उभा राहून वाट पाहतो आणि वर बॅटरी संपत जाते.

उंचीचा हिशेबही उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, दरीच्या तळातून विमान सोडलं आणि परतीची उंची ३० मीटर ठेवली, तर मधली डोंगराची सोंड आडवी आली तरी बहुतेक नियंत्रकांना ती दिसणार नाही. ते सरळ रेषेत घराकडे निघतील.

आणि वारा. छोटं विमान हवेत सेकंदाला १२ मीटर वेगानं जातं असं धरू, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. समोरून सेकंदाला १० मीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबात ते सेकंदाला फक्त दोन मीटर सरकतं. एक किलोमीटर परत यायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. बॅटरी दहा मिनिटांचीच असेल आणि निम्मी संपली असेल, तर परतीची यंत्रणा अगदी अचूक असूनही विमान वाटेतच उतरणार. म्हणून अनुभवी मंडळी आधी वाऱ्याच्या तोंडाला जातात, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो.

विमान वाचवायचं की माणूस?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात किंगरॉय इथं २०१४ पर्यंत भरलेली ‘आउटबॅक चॅलेंज’ ही चालकविरहित विमानांची स्पर्धा या प्रश्नाचं उत्तर रोखठोक देत असे. हरवलेल्या ‘जो’ नावाच्या पुतळ्याला शोधायचं आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली टाकायची, असं स्पर्धेचं काम. विमान आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागलं तर त्यानं स्वतःला संपवायचं, ही अट. मोटर बंद, सगळे नियंत्रक-पंख टोकापर्यंत वळवलेले, विमान गिरकी घेत जमिनीवर. महिनोन्‌महिने खपून बनवलेलं विमान मोडण्याची ही व्यवस्था प्रत्येक संघानं स्वतःच्या हातानं बसवायची होती. कॅनबेरायूएव्ही या संघानं २०१४ मध्ये अर्डुपायलटवर चालणारं विमान घेऊन हे काम फत्ते केलं, आणि त्या विमानातही ती व्यवस्था सज्ज होती.

घरी परतणं आणि सुरक्षित असणं यांतला फरक इथं स्वच्छ दिसतो. परतीची सोय विमानासाठी आहे, तर मोटर बंद करणारं फेलसेफ आणि हद्द ओलांडल्यावर विमान पाडणारी व्यवस्था लोकांसाठी. बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिशेला जातात. जेव्हा जात नाहीत तेव्हा कुणाला आधी वाचवायचं, हे विमान जमिनीवर असतानाच ठरवून ठेवावं लागतं. हवेतल्या त्या तीन-चार सेकंदांत विचार करायला वेळ नसतो.

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू झाले. शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा केवळ विरंगुळ्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी २५ किलोपर्यंतची यंत्रं त्यात ‘मॉडेल’ म्हणून वेगळी ओळखली आहेत. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा १२० मीटर. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं मैदान कुठल्या क्षेत्रात येतं ते पाहणं आलंच, पण परतीची उंचीही या मर्यादेत बसवावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नजरेच्या टप्प्याची अट परतीचं बटण असलं म्हणून सैल होत नाही. अमेरिकेतल्या हौशी एरोमॉडेलरांच्या संघटनेनंही ऑटोपायलट वापरताना चालकानं विमान सतत पाहत राहावं आणि कुठल्याही क्षणी ताबा घेता यावा, असाच आग्रह धरला आहे.

महाराष्ट्रात राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत मुलं एरोमॉडेलिंग शिकतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्पर्धांसाठी विमानं बांधतात, सुट्टीच्या दिवशी मोकळ्या माळावर हौशी मंडळी जमतात. अशा ठिकाणी परतीची पहिली चाचणी विमान जवळ असताना, भरपूर उंचीवर, बॅटरी भरलेली असताना आणि बोट ताबा परत घेणाऱ्या बटणावर ठेवून करावी. विमान वळलं, चढलं, गोल फिरू लागलं, आणि बटण दाबताच पुन्हा हाती आलं, एवढं पाहिलं की मगच ते दूर न्यावं.

आणखी एक गोष्ट मैदानावर पोचल्या पोचल्या करायची असते. घराचा बिंदू सहसा चालक उभा असतो तिथंच नोंदला जातो, आणि चालकाच्या मागे बघ्यांची गर्दी, लहान मुलं, गाड्या असतात. संपर्क तुटलेलं विमान मग नेमकं त्यांच्या डोक्यावर येऊन फिरू लागतं. अर्डुपायलटसारख्या प्रणालींत परतीसाठी दुसरा बिंदू देता येतो. तो माळाच्या रिकाम्या बाजूला, धावपट्टीच्या पलीकडे, जिथं कुणी उभं नसतं तिथं द्यावा.