मालिकेतलं दुःख आपलं का वाटतं?

मालिकेतल्या नायिकेवर अन्याय झाला की पाहणाऱ्याचा गळा दाटतो. गोष्ट रचलेली आहे हे ठाऊक असूनही! पडद्यावरच्या व्यक्तींशी जडणाऱ्या या एकतर्फी जिव्हाळ्याची मांडणी डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये केली. ठरल्या वेळी दिसणारा चेहरा, जवळून टिपलेले हावभाव, सवयीचा आवाज यांमुळे ते पात्र ओळखीच्या माणसासारखं वाटू लागतं.

दुःख असं एकट्यानेही अनुभवता येतं; विनोदाला मात्र सोबत लागते. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींनुसार माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट अधिक हसतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस यांनी घडवलेलं ध्वनिमुद्रित हशाचं यंत्र घरबसल्या प्रेक्षकाला हीच सोबत पुरवत होतं.

म्हणून मालिका पाहून रडणाऱ्याची थट्टा करू नये. पात्राचा जिव्हाळा असो की हशाची सोबत, माणसं जोडणारी आपली क्षमताच तिथे काम करत असते.