बचतीची सवय तिला आधीपासूनच आहे

गैरसमज : गरीब बाईच्या हातात पैसा टिकत नाही, तिला बचतीची सवय लावावी लागते.

महिला मेळावा कुठलाही असो, व्यासपीठावरून हे वाक्य येतेच. ते साफ चुकीचे आहे.

साताऱ्यातल्या म्हसवडला रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी निवाऱ्यावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायची तिची तयारी होती. रक्कम किरकोळ म्हणून बँकेने खातेच उघडले नाही. सवय होती, खाते नव्हते!

म्हसवडमध्ये बायकांसोबत काम करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक बायका निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका लिहाय-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचे गणित आम्हालाही घाला, तुमच्या अधिकाऱ्यांनाही घाला. कॅल्क्युलेटर मात्र कुणालाच नको. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

म्हसवडच्या बाईची बचतीची सवय हा अपवाद समजू नये. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेच्या आसपास गरीब घरांचा वर्षभराचा हिशेब संशोधकांनी टिपला. 2009 साली आलेल्या ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या पुस्तकात तो आहे. बचत नाही असे एकही घर त्यांना सापडले नाही. पिठाच्या डब्यातली नोट, भिशी, शेजारणीकडे ठेवायला दिलेले पैसे, दारातली शेळी, ही सगळी बचतच आहे. पासबुकात दिसत नाही म्हणून ती नाहीच, असे कसे म्हणता येईल? अडचण वेगळीच आहे. डब्यातली नोट घरात कुणाच्याही हाती लागते आणि शेळी आजाराने दगावते.

गैरसमज : घरदुरुस्तीवरचा खर्च अनुत्पादक.

मेक्सिकोत सरकारने गरिबांच्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा कोबा करून दिला. 2009 च्या अभ्यासानुसार ज्या घरांत सगळीकडे कोबा झाला, तिथे लहान मुलांमधला जंतांचा प्रादुर्भाव 78 टक्क्यांनी घटला आणि रक्तक्षयही उतरला.

गैरसमज : बचत गट म्हणजे कर्जाचे दुकान. गटात आधी वर्गणी जमते, मग कर्ज दिले जाते, आणि अंतर्गत कर्जाचे व्याज गटातच राहते.

गैरसमज : घरकुल म्हणजे फुकटचे घर. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी ठरलेली मदत 1 लाख 20 हजारांची, तीही हप्त्याहप्त्याने; वरचा खर्च बाई पदरचा घालते.

पुढचा मेळावा घेणाऱ्यांनी बचतीवरचे भाषण तेवढे रद्द करावे. त्याऐवजी खात्याचे अर्ज आणि ते तिथेच भरून घेणारा बँक मित्र सोबत न्यावा.