विश्लेषण : खिडक्या उघड्या, बाकांमध्ये अंतर, तरी निम्म्या वर्गाला करोना कसा झाला?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन काउंटीच्या एका प्राथमिक शाळेत मे २०२१ मध्ये एक शिक्षक करोनाबाधित झाले. पाठोपाठ त्यांच्या वर्गातील २४ पैकी १२ मुलांना लागण झाल्याचे आढळले.

नेमके काय घडले?
१९ मे रोजी शिक्षकांचे नाक चोंदले, थकवा जाणवू लागला. त्यांनी लस घेतलेली नव्हती. ॲलर्जी असेल, असे समजून ते दोन दिवस शिकवत राहिले. मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना त्यांनी काही वेळा मास्क काढला.

लागण कोणाला झाली?
शिक्षकांच्या टेबलाजवळच्या दोन रांगांतील १० पैकी ८ मुलांना. मागच्या तीन रांगांतील १४ पैकी ४ जणांना. बाकांमध्ये सहा फूट अंतर होते. दार-खिडक्या उघड्या होत्या, हवा शुद्ध करणारे यंत्रही होते.

मग अडले कुठे?
मोठ्याने बोलताना तोंडातून सूक्ष्म कण जास्त बाहेर पडतात. ते बोलणाऱ्याजवळ दाट असतात, पुढे विरळ होत जातात. खेळती हवा वर्गात साचणारे कण कमी करते. पण समोरच्या बाकापर्यंत थेट पोहोचणारा श्वास तिला थांबवता येत नाही. तिथे मास्क उपयोगी पडतो.

धडा काय?
वय कमी असल्याने त्या मुलांना तेव्हा लस घेता येत नव्हती. त्यांची काळजी मोठ्यांनीच घ्यायची होती. ‘साधी सर्दी आहे’ म्हणत शाळेत जाण्याऐवजी घरी थांबणे, ही पहिली खबरदारी. उघडी खिडकी त्यानंतरची.